कवटीच्या तळाची छिद्रे शिकवताना तार वापरावी

वैद्यकीय शाखेच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून कवटीच्या तळातील छिद्रांची नावे नुसती पाठ करून घेण्याऐवजी, कवटीची टोपी (वरचा घुमटासारखा भाग) काढून प्रत्येकाच्या हाती प्लास्टिकचे आवरण असलेली मऊ तार द्यावी. त्याआधी कवटी नीट धरायला शिकवावे. नेत्रकोटराची खालची कड आणि बाह्य कर्णछिद्राची वरची कड एका आडव्या पातळीत आली पाहिजे. (नेत्रकोटरात बोटे घालून कवटी उचलण्याची सवय पहिल्याच दिवशी मोडावी, कारण तिथली आतली भिंत कागदासारखी पातळ असते.) फोरामेन ओव्हेल या छिद्रामध्ये घातलेली तार सरळ खाली उतरते आणि मँडिब्युलर नर्व्ह ही चेता खालच्या जबड्याकडे कशी जाते हे वेगळे सांगावे लागत नाही, फोरामेन रोटंडममधली तार मात्र पुढे सरकते, म्हणूनच कवटी उलटी करून हे छिद्र शोधणाऱ्याला ते सापडत नाही. फोरामेन स्पायनोसमपाशी जरा जास्त वेळ द्यावा. तिथून आत शिरणाऱ्या मिडल मेनिंजियल धमनीची खोबण विद्यार्थ्यांना बोटाने चाचपायला लावावी. ती पुढे टोपीच्या आतल्या बाजूवरही दिसते. कानशिलावर मार बसल्यावर हाड आणि ड्युरा (मेंदूचे सर्वांत बाहेरचे आवरण) यांच्यामध्ये रक्त का साठते, हा प्रश्न त्यानंतरच विचारावा.