आजीला मतदानाला नेण्याआधी: सेंट पॉलच्या ह्मोंग वस्तीतली तयारी

मिनेसोटातल्या सेंट पॉल शहराच्या ईस्ट साइडला राहायला आल्यापासून मी इथल्या, लाओसहून आलेल्या ह्मोंग समाजातल्या मुलामुलींबरोबर मतदार नोंदणीच्या कामाला जाते. यंदा ३ नोव्हेंबर २०२६ ला गव्हर्नरपदाची आणि विधिमंडळाची निवडणूक आहे. आपल्या मराठी मंडळींपैकी तिघाचौघांनी विचारलंय, "आम्हीही येतो, काय तयारी करून येऊ?" त्यांच्यासाठी हे लिहितेय. क्लिपबोर्ड, पेनं, पाण्याच्या बाटल्या लागतातच, ते कुणीही सांगेल. जास्त वेळ जातो तो सतरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या तोंडी नेमके शब्द बसवण्यात. कारण ह्मोंग घरात मतपत्रिका वाचायचं काम बहुतेक वेळा नातवंडांकडे असतं.

सगळ्यात आधी या माणसांची गोष्ट नीट समजून घ्या. लाओसच्या डोंगरांत अमेरिकेच्या सीआयएने ह्मोंग माणसांना हाताशी धरून गुप्त युद्ध लढवलं. १९७५ साली त्या युद्धाचा लाँग चेंग इथला तळ शत्रूच्या हाती गेला आणि कुटुंबंच्या कुटुंबं मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या बान विनायसारख्या छावण्यांत गेली. तिथून ती मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि कॅलिफोर्नियात आली. थायलंडमधल्याच 'वाट थाम क्राबोक' नावाच्या छावणीतले सुमारे १५ हजार लोक तर २००४ पासून पुढे पोचले. २००० साली झालेल्या एका कायद्याने त्या युद्धात लढलेल्यांना आणि त्यांच्या जोडीदारांना नागरिकत्वासाठीची इंग्रजीची अट माफ केली. म्हणून इथे अशा कितीतरी आज्या भेटतील ज्या पक्क्या अमेरिकन नागरिक आहेत, पण इंग्रजीची एक ओळ त्यांना वाचता येत नाही. ह्मोंग भाषेला आज सर्रास चालणारी रोमन लिपीसुद्धा १९५० च्या दशकात मिशनऱ्यांनी घडवलेली आहे. त्यामुळे ह्मोंगमध्ये छापलेलं पत्रक हातात ठेवलं की काम झालं, असं धरून चालू नका. पत्रक सोबत असू द्या, पण नातवाच्या आवाजात एक मिनिटाचा निरोप फोनवर रेकॉर्ड करून घ्या. तो निरोप आजी चार मैत्रिणींना ऐकवते.

आता शब्द. ह्मोंग सुरांवर चालणारी भाषा आहे, आणि आपल्या कानाला तो फरक पटकन कळत नाही. फेकणं म्हणजे 'पॉ', चेंडू म्हणजे 'पॉ' आणि वडिलांची आई तीही 'पॉ'. तिन्हींचा सूर वेगळा. रोमन लिपीत शेवटचं अक्षर तो सूर दाखवतं, त्याचा उच्चार करायचा नसतो. मत देण्याला ते 'पॉ म्पा' म्हणतात, म्हणजे शब्दशः मत टाकणं, अगदी आपल्यासारखंच. नवीन वर्षाच्या सणात तरुण मुलंमुली समोरासमोर उभी राहून चेंडू फेकतात, त्यातला 'पॉ'ही हाच. तुम्हाला हे सूर जमले नाहीत तरी चालेल. 'न्यॉ झाँग' हा नमस्कार नीट म्हणा आणि पुढचं बोलणं मुलांवर सोडा.

पण मुलांचीही तयारी करून घ्यावी लागते, आणि इथे वेळ काढा. यातली बरीच मुलं घरात ह्मोंग ऐकतात, उत्तर मात्र इंग्रजीत देतात. आजीसमोर चुकू या भीतीने ती गप्प बसतात. निघण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांना एकत्र बसवा आणि मतपत्रिकेवरच्या प्रत्येक पदाचं एकेक वाक्य ह्मोंगमध्ये तयार करून घ्या. पदाचं नाव नको, ते पद काय करतं ते सांगायचं. गेल्या उन्हाळ्यात ह्मोंग व्हिलेज बाजारात आमच्यातली एक सतरा वर्षांची मुलगी एका आजींना 'स्कूल बोर्ड' समजावत होती. ह्मोंग वाक्यात ते दोन इंग्रजी शब्द तसेच ठेवले होते. आजी हातातली गवती चहाची जुडी पिशवीत नीट बसवत मान हलवत राहिल्या. मग मुलीने वाक्य बदललं: तुमच्या नातवंडांच्या शाळेत पैसा कुठे खर्च करायचा हे ठरवणारी माणसं. आजींनी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "अशी किती माणसं निवडायची असतात?" ते वाक्य आम्ही त्याच संध्याकाळी सगळ्यांच्या वहीत उतरवून घेतलं. योगायोग असा की अमेरिकेत निवडून आलेली पहिली ह्मोंग व्यक्ती याच शहराच्या स्कूल बोर्डावर होती: चौआ ली, १९९१ साली. 'मी मुआ' नावाच्या ह्मोंग बाई २००२ मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये गेल्या, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात काओली हर यांनी सेंट पॉलच्या महापौरपदाची निवडणूक जिंकली. पहिल्या पसंतीच्या मोजणीत मागे राहूनही पुढच्या पसंतीच्या मतांवर त्या निवडून आल्या. पसंतीक्रम, म्हणजे उमेदवारांना पहिला, दुसरा असे क्रमांक, का भरायचा हे समजावायला याहून चांगलं उदाहरण नाही. मात्र ही पद्धत शहराच्या निवडणुकीत असते, यंदाच्या गव्हर्नरच्या मतपत्रिकेवर नाही. हा घोळ आजीच्या मनात राहू देऊ नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. भरलेले नोंदणी अर्ज सही झाल्यापासून १० दिवसांच्या आत कार्यालयात पोचलेच पाहिजेत. गाडीच्या डिकीत राहिलेला गठ्ठा म्हणजे कुणाचं तरी बुडालेलं मत. १६ आणि १७ वर्षांच्या मुलांना मिनेसोटात २०२३ पासून आगाऊ नोंदणी करता येते, त्यांचे अर्ज वेगळे लावा. याच वयाची शाळकरी मुलं मतदान केंद्रावर प्रशिक्षणार्थी निवडणूक अधिकारी म्हणूनही काम करू शकतात. ह्मोंग बोलणारं एक पोर टेबलामागे बसलेलं असलं की रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे सैल होतात. त्यासाठीचे अर्ज उन्हाळ्यातच करून टाका.

एका बाबतीत मात्र अजिबात घाई नको. जो नागरिक नाही त्याने चुकूनही अर्ज भरता कामा नये. ग्रीन कार्ड असलेल्या माणसाने मतदार म्हणून नोंदणी केली तर पुढे देशाबाहेर काढलं जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. एकाच घरात आजी नागरिक, काका ग्रीन कार्डवाले आणि नातू इथेच जन्मलेला, असं सहज असतं. म्हणून अर्ज पुढे करण्याआधी नागरिकत्वाचा प्रश्न, आणि तोही सगळ्यांदेखत नाही, बाजूला घेऊन हळू आवाजात. समोरचा अडखळला तर क्लिपबोर्ड खाली घ्या, खाणंपिणं, मुलंबाळं यांवर बोला आणि निघा. हा नियम मी प्रत्येक नव्या स्वयंसेवकाकडून तोंडपाठ म्हणून घेते, आणि त्यात सूट देत नाही.

कुठे आणि कधी जायचं? जॉन्सन पार्कवेवरचं ह्मोंग व्हिलेज आणि कोमो अव्हेन्यूवरचं ह्मोंगटाउन, दोन्हीकडे शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. खाण्याच्या गाळ्यांजवळ उभे राहा, म्हणजे पपईच्या कोशिंबिरीची वाट बघणाऱ्यांना पाच मिनिटं मोकळी असतात. जुलैत कोमोच्या मैदानावर मोठा उत्सव भरतो, तिथे तरुण मंडळी हमखास सापडतात. घरी गेलात तर चपला बाहेर काढा, ते आपल्याला सांगायला नको. दाराला कधी हिरवी डहाळी लावलेली दिसली तर घरात विधीनंतरचं पाळणं चालू आहे असं समजा आणि बेल न वाजवता परत फिरा. अंत्यविधी तीन-चार दिवस चालतात, आणि त्यात अख्खं कूळ गुंतलेलं असतं. आपल्याकडे सगोत्र विवाह टाळतात तसं इथे एकाच कुळात लग्न होत नाही, तेव्हा एका माणसाच्या जाण्याने किती घरं जोडली जातात हे तुम्हाला पटकन कळेल. म्हणूनच मतदान नोव्हेंबरच्या एका मंगळवारवर सोडू नका. मिनेसोटात ४६ दिवस आधी, यंदा १८ सप्टेंबरपासून, मत देता येतं. म्हाताऱ्या माणसांना बर्फाआधीचे ते दिवस फार सोयीचे पडतात.

नेण्याआधी आठवडाभर नमुना मतपत्रिका आणून जेवणाच्या टेबलावर उघडा. नातवाने प्रत्येक उमेदवाराबद्दल सारख्याच लांबीचं सांगायचं. एकाबद्दल चार वाक्यं आणि दुसऱ्याबद्दल अर्धं, असं झालं की आजी बरोबर ओळखते. पत्ता तपासा. आज्या या मुलाकडून त्या मुलाकडे राहायला जातात, आणि पत्ता बदलला की नोंदणी पुन्हा करावी लागते. मतदानाच्या दिवशीही ती करता येते. पत्त्याचा पुरावा नसेल तर त्याच मतदान क्षेत्रातला नोंदणीकृत मतदार स्वतः येऊन हमी देऊ शकतो. एकाला आठ जणांपर्यंत हमी देता येते, पण ज्याची स्वतःची नोंदणी हमीवर झाली त्याला ती देता येत नाही. शेजारी कोण येणार हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.

केंद्रावर मदतीला कुणाला न्यायचं हा हक्क आजीचा आहे, आणि संघराज्याच्या कायद्याने तिला तो दिलाय. ती जिथे नोकरी करते तिथला मालक, त्याचा माणूस किंवा तिच्या युनियनचा प्रतिनिधी सोडून कुणीही चालतं. नातवाला हे वाक्य इंग्रजीत पाठ असू द्या, कुणी हटकलं तर नम्रपणे म्हणायला. प्रचाराचे बिल्ले आणि टीशर्ट घरी ठेवा. चष्मा घ्या, बसायला घडीची खुर्ची घ्या, डब्यात चिकट भात असू द्या. पडद्यामागे नातवाने वाचायचं, आजीने बोट ठेवायचं, तिने सांगितलं तरच गोल भरून द्यायचा. परतीच्या गाडीत तिला काय बोलायचं ते बोलू द्या. मत कुणाला दिलं हे गाडीतल्या कुणीही विचारायचं नाही.