घरच्या डेस्कटॉपवर इथिलीनचं सरफेस हॉपिंग

अणुकेंद्रकं एकाच ऊर्जापृष्ठावर (अणूंच्या मांडणीनुसार रेणूची ऊर्जा दाखवणाऱ्या पृष्ठावर) चालतात, हे १९२७चं बॉर्न-ओपेनहायमर गृहीतक दोन पृष्ठं भिडतात तिथे कोसळतं. अशा जागी जॉन टलींची १९९०ची सरफेस हॉपिंग पद्धत वापरतात: संगणकावर रेणूचा प्रवास चालवताना तो एका पृष्ठावरून दुसऱ्यावर उडी मारू शकतो. हात बसवायला इथिलीन बरं: सहाच अणू, त्यामुळे ठाण्यात घोडबंदर रोडच्या फ्लॅटमधला आठ कोअरचा पीसीही पुरतो.

ऊर्जा काढायला टीडीडीएफटी (इलेक्ट्रॉन घनतेवर आधारलेली पद्धत) सोपी, पण इथे नको. तळाची आणि पहिली उत्तेजित अवस्था भिडते तिथला पृष्ठांचा शंकूसारखा आकार ती चुकीचा काढते. कॅसएससीएफ (इलेक्ट्रॉनच्या अनेक मांडण्या एकत्र धरणारी पद्धत) घ्या: दोन इलेक्ट्रॉन, दोन ऑर्बिटल, तीन अवस्थांची समान सरासरी, बेसिस (ज्यातून ऑर्बिटल रचतात तो फंक्शनचा संच) ६-३१जी*. मग ऑर्बिटलचं चित्र उघडून बघाच. पाय-स्टारमध्ये (उत्तेजित इलेक्ट्रॉन जातो त्या ऑर्बिटलमध्ये) दोन कार्बनच्या मधोमध नोड, म्हणजे ऑर्बिटल शून्य होण्याची जागा, हवा. बेसिसमध्ये डिफ्यूज (दूरवर पसरलेली) फंक्शन घातली की त्या जागी फुग्यासारखा पसरट ढग येऊ शकतो. तो रिडबर्ग (केंद्रकांपासून लांब पसरलेला) ऑर्बिटल, सगळी रन वाया. उत्तेजन ऊर्जा प्रयोगातल्या ७.६६ इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा बरीच जास्त येईल. या पातळीला ते अपेक्षितच आहे.

सुरुवातीच्या स्थिती आणि वेग विग्नर वितरणातून (रेणूच्या क्वांटम कंपनांवरून ठरणाऱ्या शक्यतांमधून) काढा. वेळेची पायरी ०.५ फेम्टोसेकंद: कार्बन-हायड्रोजन ताणाचं एक आंदोलन साधारण ११ फेम्टोसेकंदांचं, म्हणजे त्यात बावीस पायऱ्या बसतात. इलेक्ट्रॉनिक समीकरणासाठी प्रत्येक पायरीचे २५ तुकडे करा. डीकोहेरन्स दुरुस्ती चालू ठेवा (नेहमीचा स्थिरांक ०.१ हार्ट्री, हे ऊर्जेचं एकक), नाहीतर इलेक्ट्रॉनिक गुणांक (प्रत्येक अवस्थेचा वाटा) एक सांगतात आणि ट्रॅजेक्टरी, म्हणजे रेणूचा तो एक प्रवास, भलत्याच अवस्थेत बसलेली असते.

आधी एकच ट्रॅजेक्टरी चालवून एकूण ऊर्जेचा आलेख काढा. रेघ हळूहळू सरकत असेल तर पायरी मोठी आहे. एकदम ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्टची उडी दिसली तर बहुधा ऑर्बिटल बदललेत. मागच्या पायरीचे ऑर्बिटल सुरुवातीला द्या. कपलिंगचं (दोन अवस्थांमधल्या जोडणीचं) चिन्ह उगाच उलटत असेल तर लगतच्या पायऱ्यांच्या ओव्हरलॅपवरून फेज (चिन्ह) जुळवा.

मग २०० ट्रॅजेक्टरी, प्रत्येकी २०० फेम्टोसेकंद. एका पायरीला पाच सेकंद धरले तर एकूण १११ कोअर-तास, आठ कोअरवर चौदा तास. पन्नासच ट्रॅजेक्टरी घेतल्या तर निम्म्या लोकसंख्येवर (अर्ध्या ट्रॅजेक्टरी एका अवस्थेत असताना) ७ टक्क्यांची चूक राहते. २०० ला ३.५.

मे महिन्यात प्रोसेसर तापून वेग पाडतो, आणि जूनपासून वीज कधी जाईल सांगता येत नाही. रिस्टार्ट फाइल दर वीस पायऱ्यांनी लिहा. नुसते अणूंचे निर्देशांक पुरत नाहीत: वेग, इलेक्ट्रॉनिक गुणांक, चालू अवस्था आणि मागचे ऑर्बिटलही त्यात हवेत.