ठाण्यात, नवी मुंबईत कुणाची सरकारी नोंद शोधताय? या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात, भर दुपारी, कळव्याहून एक निवृत्त शिक्षक आमच्या सोसायटीच्या ऑफिसात आले. शर्ट पाठीला चिकटलेला, हातात आमचीच नोटीस. "आपल्या दिवंगत वडिलांच्या सदनिका क्र. ४०२ ची तीन वर्षांची थकबाकी भरावी," असं आम्ही त्यांना कळवलं होतं. गृहस्थ पाणी प्यायले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आमचे वडील चौऱ्याऐंशी साली गेले. ही बिल्डिंग झाली २००९ ला. त्यांनी वर बसून फ्लॅट घेतला म्हणता, तर आधी चावी द्या. थकबाकीचं मग बघू."

कासारवडवलीतल्या आमच्या बिल्डिंगमधला ४०२ मालक वारल्यापासून बंद होता. वारसांचा पत्ता लागेना म्हणून कमिटीने एका एजंटला चार हजार रुपये दिले होते. त्याने मतदार यादीचं एक पान आणून दिलं. त्यात या शिक्षकांच्या वडिलांच्या नावाच्या जागी आमच्या मालकाचं नाव, आडनाव पाटील. झालं, आम्ही नोटीस ठोकली. आगरी-कोळ्यांच्या या पट्ट्यात पाटील, म्हात्रे, भोईर या आडनावांची एकाच नावाची चार माणसं एका आळीत निघतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. घाई नडली.

त्यानंतर मी सहा-सात महिने या ना त्या कार्यालयात खेटे घातले. त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. सरकारी दप्तर माणसाच्या नावाने लावलेलं नसतं. ते जमिनीच्या तुकड्याने, दस्ताच्या वर्षाने आणि घटना जिथे घडली त्या जागेने लावलेलं असतं. आपण मात्र नाव घेऊन खिडकीवर उभे राहतो.

पत्ता टपालाचा, नोंद गावाची

घर कुणाच्या नावावर आहे हे बघायला नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. खरेदी-विक्रीच्या दस्ताचा गोषवारा म्हणजे सूची क्रमांक २, आपण सगळे ज्याला 'इंडेक्स टू' म्हणतो, तो तिथे मोफत दिसतो. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ५७ नुसार ही सूची कुणीही पाहू शकतो. त्यासाठी नातं सांगावं लागत नाही आणि कारणही द्यावं लागत नाही.

अडचण एका रकान्यात येते. तो गाव विचारतो. 'घोडबंदर रोड' हे गाव नाही. 'वसंत विहार' हेही नाही. आपण नुसतं मानपाडा म्हणतो, कागदावर ते चितळसर मानपाडा असतं. ओवळे, कावेसर, कोलशेत, बाळकुम, माजिवडे ही जुनी महसुली गावं टॉवरांखाली गेली, दप्तरात मात्र जिवंत आहेत. नावाचं लेखनही सरळ नसतं. माजिवडे आणि माजिवाडे, पाचपाखाडी आणि पांचपाखाडी, अशी दोन्ही रूपं करून बघावी लागतात. जुन्या ठाण्यात, नौपाडा-चेंदणीकडे, सर्व्हे नंबरऐवजी टिका नंबर (सिटी सर्व्हेच्या नकाशाच्या पानाचा क्रमांक) आणि सिटी सर्व्हे नंबर असतो. हा 'टिका' बाहेरच्या वकिलांनाही चकवतो. तिथला उतारासुद्धा सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते, तिलाच प्रॉपर्टी कार्ड म्हणतात.

सर्व्हे नंबर ५९/२/ब असेल तर आधी नुसता ५९ टाकून बघा. पूर्ण आकडा टाकला आणि ऑपरेटरने तो वेगळ्या पद्धतीने चढवलेला असला की 'नोंद आढळली नाही' असं येतं आणि आपल्याला वाटतं, दस्तच झालेला नाही.

मी ४०२ साठी बसलो तेव्हा २००९ साल निवडलं. ताबा त्या साली मिळाला होता. काहीच आलं नाही. २०१० टाकलं, कॅप्चा भरला, तेही कोरं. तीन संध्याकाळी गेल्यावर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अहो भाऊजी, आम्ही बुकिंग केलं तेव्हा नुसता खड्डा होता इथे." बरोबरच होतं. करारनामा बुकिंगनंतर नोंदतात, ताबा दोन-तीन वर्षांनी येतो. २००६ टाकल्याबरोबर पान उघडलं. मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, दस्ताचा दिनांक, नोंदणीचा दिनांक, मुद्रांक शुल्क आणि खाली घेणाऱ्याचं नाव, वय आणि तेव्हाचा पत्ता. तो पत्ता लालबागच्या एका चाळीचा होता. चाळ केव्हाच पाडली, तिथे आता टॉवर आहे.

मुंबई शहर-उपनगर सोडून उरलेल्या महाराष्ट्राचे दस्त या शोधात साधारण २००२ पासून सापडतात. त्याआधीचं हवं असेल तर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात फी भरून जुनी पुस्तकं चाळावी लागतात. हे काम सर्च घेणाऱ्या वकिलाकडे दिलेलं बरं. मी एकदा स्वतः केलं, पुन्हा करणार नाही.

इंडेक्स टू म्हणजे आजचा मालक, असं धरू नका

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. सूचीत शेवटचा नोंदलेला दस्त दिसतो. त्यानंतर मालक वारला आणि सोसायटीने नामनिर्देशनावरून भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) दुसऱ्याच्या नावावर केलं, तर त्याचा पत्ता नोंदणी कार्यालयाला नसतो. शिवाय नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. सोसायटीने नॉमिनीच्या नावावर भागपत्र केलं तरी मालकीचा वाद इतर वारस कोर्टात नेऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या इंद्राणी वाही निकालात स्पष्ट केलंय.

घरपट्टीची पावती हाही मालकीचा पुरावा नव्हे. महापालिकेला कर हवा असतो, तो कुणाच्याही नावाने भरला तरी ती घेते. मृत्युपत्र शोधायला जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की नोंदलेल्या मृत्युपत्राची नक्कल ते करणारा हयात असेपर्यंत फक्त त्यालाच किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. भावाने काय लिहून ठेवलंय ते बघायला जाल तर हात हलवत परत याल, आणि ते योग्यच आहे.

खाडीपलीकडचं गणित वेगळं

नवी मुंबईत सातबारा काढून फ्लॅटमालक शोधणारा माणूस फुकट फिरतो. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली स्थापन झाली, सरकारने संपादित करून दिलेली जमीन तिने भाडेपट्ट्याने दिली. त्यामुळे वाशी-नेरूळच्या सेक्टरमधल्या घराच्या हस्तांतराची फाइल सिडकोकडे असते आणि करारनाम्याची सूची नोंदणी कार्यालयात. दोन्ही बघावं लागतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातला कारखान्याचा गाळा असेल तर दप्तर एमआयडीसीचं. गावठाणातल्या घरांना तर पुष्कळदा घरपट्टीच्या पावतीपलीकडे कागदच नसतो, तिथे सरपंचकीच्या काळातली माणसं हेच रेकॉर्ड.

खारघर, कामोठे, कळंबोली यांना सगळे नवी मुंबईच म्हणतात, पण तो पनवेल तालुका, जिल्हा रायगड, आणि २०१६ पासून पनवेल महापालिका. ऐरोली ते बेलापूर मात्र ठाणे तालुक्यात. जिल्हा चुकला की पुढचे सगळे रकाने चुकतात. उलटंही होतं: वसई-पालघरच्या जुन्या कागदांवर 'जिल्हा ठाणे' छापलेलं असतं, पण १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्हा झाला. संकेतस्थळावर तुम्ही ठाण्यात शोधत बसता आणि गाव यादीत दिसतच नाही.

जन्म कुठे झाला? 'आम्ही मूळचे ठाण्याचे' हे उत्तर नव्हे

जन्म-मृत्यूची नोंद राहत्या पत्त्यावर होत नाही, घटना घडली तिथे होते. आई ठाण्याची, बाळंतपण परळच्या केईएममध्ये, म्हणजे नोंद मुंबई महापालिकेकडे. माहेरी चिपळूणला झालं असेल तर तिकडे. आमच्या मजल्यावरच्या एका आजोबांचा मृत्यूचा दाखला त्यांचा मुलगा ठाण्यात महिनाभर शोधत होता. आजोबा गेले होते मुलुंडच्या एका इस्पितळात, नाक्यापलीकडे, मुंबईच्या हद्दीत.

दुसरी गोम नावाची. जन्माच्या वेळी मुलाचं नाव ठरलेलं नसतं, म्हणून जुन्या रजिस्टरात 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच असतं, पुढे वडिलांचं आणि आईचं नाव. तुम्ही 'सुनंदा' शोधायला सांगता, कारकून नाही म्हणतो. तो खोटं बोलत नसतो. आईचं नाव, तारीख आणि इस्पितळ सांगा. तारीख पक्की नसेल तर आधी शाळेचा दाखला काढा आणि त्यातल्या तारखेच्या मागेपुढे वर्षभर बघायला सांगा. शाळेत घालताना वय वाढवायची पद्धत आपल्याकडे होतीच.

ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ ला झाली. त्याआधी आजूबाजूच्या गावांत झालेला जन्म ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात असू शकतो. ती दप्तरं कुठे गेली हे विचारायला तहसील कार्यालयापासून सुरुवात करा.

मृत्यूच्या नोंदीचा उतारा मागता येतो, पण त्यात मृत्यूचं कारण दिलं जात नाही, कायद्यानेच मनाई आहे. त्यावरून खिडकीवर भांडू नका.

मतदार यादी

आमचा घात इथेच झाला, म्हणून थोडक्यात. यादी विधानसभा मतदारसंघ आणि भाग क्रमांकानुसार असते. आमचं कासारवडवली ओवळा-माजिवडा मतदारसंघात, जुनं शहर ठाणे मतदारसंघात, मध्ये कोपरी-पाचपाखाडी, पलीकडे मुंब्रा-कळवा. ही आजची विभागणी २००८ च्या पुनर्रचनेची, २००४ ची यादी शोधताना ती लावू नका. महापालिका निवडणुकीसाठी हीच यादी प्रभागांत फोडलेली असते, तिथे भाग वेगळे पडतात. आणि यादीत नाव म्हणजे माणूस तिथे राहतो असं नव्हे. घर सोडून दहा वर्षं झालेल्यांची नावं आमच्याही भागात आहेत. नातं, वय आणि घर क्रमांक असे तिन्ही जुळल्याशिवाय कुणाला पत्र पाठवू नका.

माहिती अधिकाराचा अर्ज बाद का होतो

लोक माहिती अधिकाराकडे पहिल्यांदा धावतात, तो शेवटी वापरायचा. जी नक्कल ठरलेली फी भरून खिडकीवर मिळते तिच्यासाठी हा अर्ज कशाला? तरी करायचाच झाला तर अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. मी पहिल्यांदा पोस्टाचं तिकीट लावून दिलं होतं, अर्ज परत आला. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवस, ते न आल्यास किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प.

प्रश्न विचारू नका, कागद मागा. "४०२ चे वारस कोण आहेत?" याचं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. "अमुक मालमत्ता क्रमांकाच्या कर आकारणी नोंदवहीतील नावबदलाच्या नोंदीची प्रत" असं लिहिलं तर निदान तो फाइल उघडतो. मात्र दुसऱ्याची वैयक्तिक माहिती आता आणखी कठीण झाली आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचं वैयक्तिक माहितीबद्दलचं कलम ८(१)(ञ) बदललं आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू आहे. व्यापक जनहित दाखवता आलं तर कलम ८(२) चा आधार उरतो. सोसायटीची थकबाकी म्हणजे व्यापक जनहित, असं आमचे खजिनदार अजून म्हणतात.

आधार, पॅन, बँक खातं, मोबाइल नंबर, कॉल रेकॉर्ड यांतलं काहीही सार्वजनिक नोंदीत मोडत नाही. 'नाव द्या, सगळी कुंडली देतो' म्हणणारा माणूस एक तर थापा मारतो किंवा चोरीचा माल विकतो. आणि कायद्याने मिळालेला कागदसुद्धा जपून वापरा. इंडेक्स टूवर लोकांचं वय आणि पत्ता असतो. आमच्या एका सदस्याने दुसऱ्याची प्रत व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, किंमत बघून निम्मी बिल्डिंग त्याच्या मागे लागली. ते प्रकरण मिटायला दिवाळी उजाडली.

आणि ४०२ चं

लालबागचा धागा तुटल्यावर मी उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचं आय रजिस्टर काय म्हणतं?" नमुना 'आय' म्हणजे सदस्यांची नोंदवही, प्रत्येक गृहनिर्माण संस्थेला ठेवावीच लागते. सभासदाला ती बघायचा हक्क आहे.

संध्याकाळी ऑफिस उघडलं. आधीच्या कमिटीचे गठ्ठे, गणपतीच्या वर्गणीची पावती पुस्तकं, लिफ्टच्या करारांच्या फायली. त्याखाली लाल कापडी बांधणीचं रजिस्टर आणि त्यात टाचणीने लावलेला नामनिर्देशनाचा अर्ज, २०१४ चा. नॉमिनी मुलगी, पत्ता ऐरोली. एजंट शोधत होता तो मुलगा कधी नव्हताच. कपाट लोखंडी आहे, त्याची एकच चावी आहे आणि ती सेक्रेटरीकडे, म्हणजे माझ्याकडे असते.