संध्याकाळच्या व्यायामानंतर सीरियल खाताय? या चुका टाळा

संध्याकाळी सात-साडेसातला जिम किंवा धावणं आटोपल्यावर स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, भरून काढायला कॉर्नफ्लेक्ससारखं सीरियल सोयीचं पडतं. शिजवावं लागत नाही, भराभर पचतं आणि १०० ग्रॅममध्ये ८४ ग्रॅमच्या आसपास कार्ब्स मिळतात. पण सकाळच्या नाश्त्याला जे उत्तम ते रात्रीही उत्तमच, असं धरून चालणारे खूप. त्यामुळे तीच ती चूक पुन्हा पुन्हा समजावून सांगावी लागते.

ती चूक म्हणजे मुसली, म्हणजे ओट्स, बिया आणि सुकामेवा मिसळलेलं सीरियल. अख्खं धान्य, बदाम, भोपळ्याच्या बिया, सुकामेवा असं पाकिटावर वाचलं की हात आपोआप तिकडेच जातो. सकाळी हे सगळे गुणच आहेत, कारण दुपारपर्यंत भूक लागत नाही. पण भूक लागत नाही ती अन्न जठरातून सावकाश पुढे सरकतं म्हणून. मेद आणि तंतू दोन्ही हा वेग कमी करतात. ओट्समधलं बीटा-ग्लुकन, हाही एक तंतूच, तर पाणी शोषून बुळबुळीत होतं आणि पचनाला आणखी वेळ लावतं.

पुण्यातल्या एका धावपटूचंच उदाहरण घ्या. वजन ६५ किलो, मुंबई मॅरेथॉनची तयारी चालू. शनिवारी संध्याकाळी टेकडीवर चढाचा सराव आणि रविवारी पहाटे पाचला २८ किलोमीटर. मधल्या रात्री साडेनऊला वाडगाभर मुसली, वर मूठभर बदाम आणि सायीचं दूध. पहाटे पोट जड, दहाव्या किलोमीटरला मुरडा. लागोपाठ तीन रविवार असं झाल्यावर सीरियलच आपल्याला मानवत नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

त्याचा वाडगा काट्यावर ठेवला तेव्हा खरा प्रकार कळला. मुसली १८० ग्रॅम, म्हणजे सुमारे १६ ग्रॅम मेद. ३०० मिली फुल क्रीम दुधातून १८ आणि ३० ग्रॅम बदामांतून १५. एका वाडग्यात पन्नासच्या घरात मेद, शिवाय १५ ग्रॅमच्या वर तंतू! तेही झोपायच्या तोंडावर. त्याला बदलून दिलं ते इतकंच: सराव संपल्यावर अर्ध्या तासात ७० ग्रॅम साधे कॉर्नफ्लेक्स आणि २५० मिली डबल टोन्ड दूध. यात ७० ग्रॅमच्या आसपास कार्ब्स आणि चारेक ग्रॅम मेद. मग नऊला वरण-भात. पुढच्या रविवारी पोटाची तक्रार आली नाही. बदाम आणि मुसली त्याने धावून आल्यानंतरच्या नाश्त्याला ठेवली, तिथे ती शोभते.

दुसरी चूक याच गोष्टीत दडलेली आहे: वाडग्याने मोजणं. अर्ध्या लिटरच्या एकाच वाडग्यात चुरमुरे ३० ग्रॅम मावतात, कॉर्नफ्लेक्स ६० ग्रॅम आणि मुसली १८० ग्रॅम. नजरेला तिन्ही सारखेच दिसतात. पाकिटावरचं ‘एक सर्व्हिंग’ बहुतेक वेळा ३० ग्रॅमचं असतं, म्हणजे कॉर्नफ्लेक्सचे जेमतेम २५ ग्रॅम कार्ब्स. दमून आलेल्या धावपटूला ते पुरत नाहीत. म्हणून रिकामा वाडगा काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, सीरियल ओता आणि दूध सगळ्यात शेवटी. महिनाभर हे केलं की हाताला अंदाज येतो. त्याआधी अंदाजाने ओतू नये.

आणि मुळात इतकी घाई कोणाला हवी? पुढचा व्यायाम आठ-दहा तासांत असेल त्याला. त्याने सुरुवातीचे काही तास शरीराच्या दर किलोला ताशी १ ते १.२ ग्रॅम कार्ब्सचं गणित धरावं. चाळीस मिनिटं डंबेल्स मारून पुन्हा दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच जिमला जाणाऱ्याला पोळी-भाजी आणि वरण-भात पुरतो, चोवीस तासांत भरपाई होते. नवखी मुलं मात्र सकाळ-दुपार उपाशी राहून रात्री दोन वाडगे रिचवतात, कारण कुठेतरी तसा शॉर्टकट वाचलेला असतो. दिवसभराचं जेवण सुधारायला दोन महिने द्यायची तयारी नसते, याचं वाईट वाटतं.

कार्ब्स वाढवल्यावर सकाळी काटा किलोभर वर गेला म्हणून घाबरू नका. एक ग्रॅम ग्लायकोजेन सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, ती चरबी नव्हे.

चॉकलेटी सीरियलमध्ये बऱ्याचदा पाव ते तिसरा हिस्सा साखर असते. साखरेतलं निम्मं फ्रुक्टोज आणि ते मुख्यतः यकृताकडे जातं, स्नायूंना त्याचा फारसा उपयोग नाही. मध आणि बेदाणेही त्याच वाटेचे.

मक्याचं आहे म्हणून ग्लुटेन (गहू-जवातलं, काहींना न चालणारं प्रथिन) नाही, असं समजू नका. बहुतेक कॉर्नफ्लेक्समध्ये जवाचा माल्ट असतो. घटकांची यादी वाचा.

प्रथिनं विसरू नका. वरच्या कॉर्नफ्लेक्स-दुधाच्या वाडग्यात १३ ग्रॅमच आहेत, सोबत दोन उकडलेली अंडी घेतली की २५ च्या आसपास जातात.

मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नका. कॉर्नफ्लेक्स रक्तातली साखर झपाट्याने चढवतात.

पाकीट घेताना १०० ग्रॅममागचे आकडे बघायचे: मेद ३ च्या आत, तंतू ४ च्या आत, साखर १० च्या आत. महागडं पाकीट नको असेल तर चुरमुरे किंवा पातळ पोहे घ्या. १०० ग्रॅममध्ये अनुक्रमे ७४ आणि ७७ ग्रॅमच्या आसपास कार्ब्स, मेद नावापुरता. दूध पचत नसेल तर दही-पोहे करा, पण फोडणी अर्ध्या चमचा तेलातच. चुरमुऱ्यांवर शेव-फरसाण टाकू नका. पावसाळ्यात चुरमुरे सादळले तर कोरड्या कढईत मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परतून पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरले तर वाफ धरून पुन्हा मऊ पडतात.