जुन्या मातीच्या घरावर स्लॅब टाकू नका, मागं नवं बांधा

आमचं घर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात, आजोबानं बांधलेलं. दोन-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, वर सागवानी फाटे न कवेलू (कौलं), समोर ओसरी, मागं सांदवाडी, म्हणजे परसातली मोकळी जागा. आम्ही दोघं भाऊ, दोघांची लग्नं झाली, लेकरं झाली न मंग जागा पुरेना. घरात पहिली सूचना आली ती काकाची, "कवेलू काढा न त्याच भिंतीवर स्लॅब टाका, हाय काय न नाय काय." गावात असं केलेली चार घरं दाखवतील तुम्हाला, पण दहा बाय बाराच्या खोलीवर पाच इंची स्लॅब टाकला की नुसतं काँक्रीटच साडेतीन टन भरते, वरची फरशी, टाकी न माणसं वेगळीच. मातीची भिंत कवेलूच्या वजनासाठी बांधलेली असते बापा, ती हे ओझं कशी पेलंल? स्लॅब पाहिजेच असंल तर तो त्याच्या स्वतःच्या कॉलमवर, न तोही जुन्या घराला न टेकता, मागच्या सांदवाडीत.

आता काळी माती. आपल्याकडं घर बिघडते ते बहुतेक हिच्यापायीच. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात आंगणात अशा भेगा पडतात की रुपयाचं नाणं पडलं तर गेलंच. ज्या घराचं दार श्रावणात अडकते न वैशाखात आपोआप लागते, त्याचा पाया काळ्या मातीतच थांबला म्हणून समजा. आमच्या इथं पहिला गड्डा खणला तर पाच फुटापर्यंत काळी, मंग पिवळसर चिकट माती न सात फुटावर मुरूम लागला. मिस्त्री पाच फुटावरच म्हणे, "बस झालं भाऊ, दोन मजले आरामात उभे राह्यतात." नाही ऐकलं. मुरूम लागेपर्यंत जा, न दहा-बारा फुटातही लागत नसंल तर इंजिनिअरला बोलवा, तो अंडर-रीम पाइल सांगंल, म्हणजे खोल गोल खड्डा, बुडाशी फुगीर केलेला न काँक्रीटनं भरलेला, ते महाग वाटते पण भिंती दरवर्षी लिंपण्यापेक्षा परवडते. जोत्याच्या आत भराव मुरमाचाच टाका. खणलेली काळी माती फुकट पडली आहे म्हणून तीच आत लोटतात, न मंग दोन पावसाळ्यात फरशी वर येते.

जुनं न नवं जिथं भेटते तिथं सगळ्यात जास्त डोकं लावा. जागा असंल तर सरळ सहा-सात फुटाचा चौक सोडा मधात, आम्ही तेच केलं. जुन्या घराच्या मागच्या पाख्याचं पाणी चौकातल्या नालीत पडते, नव्या भिंतीवर येत नाही, दोन्हीकडं हवा राह्यते न नव्या घराचे गड्डे खणताना जुना पाया उघडा पडत नाही. जाण्यायेण्यापुरते वर टिनाचे पत्रे टाकले की झालं.

जागा नसंल न भिंतीला भिंत लावावीच लागत असंल, तर नव्या विटा जुन्या भिंतीत दात देऊन अडकवू नका. मिस्त्री हमखास तसं करतो, त्याले ते मजबूत वाटते. पण जुनं घर केव्हाच बसलेलं असते, नवं बसायचं राह्यलेलं असते, म्हणून सांध्यातच चिरते न बोट जाईल एवढी फट पडते. त्यापेक्षा आधीच एक इंचाची फट सोडा, त्यात थर्माकोलची शीट घाला, वर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावा न तिले स्क्रू एकाच बाजूनं मारा, दोन्हीकडून मारले तर पट्टीच उपटून येते. नव्या घराचा शेवटचा कॉलम जुन्या भिंतीपासून चारेक फूट अलीकडं घ्या न तिथून बीम पुढं काढा, डिझाइन मात्र इंजिनिअरचंच पाहिजे. गड्डे एका दिवशी सगळे खणू नका, एक सोडून एक खणा.

आमची चूकही सांगतो. पाइप वाचवायच्या नादात एक बाथरूम जुन्या भिंतीला टेकवून केलं. दुसऱ्या पावसाळ्यात भिंत खालून दोन फूट ओली, हात लावला की माती हातात, न मागोमाग उधई (वाळवी). शेवटी तोडून चौकाच्या पलीकडं नेलं. संडास-बाथरूम, पाण्याची टाकी, बेसिन, सगळं नव्या भागात.

जुन्या घराला सिमेंटचं प्लास्टर करू नका, एवढं ऐकाच. मातीच्या भिंतीतली ओल बाहेर निघाली पाहिजे, सिमेंट ती आत कोंडते न मंग प्लास्टरचे पोपडेच्या पोपडे निघतात. माती, शेण न गव्हाचं कुटार दहा-बारा दिवस भिजवून लिंपा, वरून चुना. मागास दिसंल वाटत असंल तर मे महिन्यात सेवाग्रामला जाऊन गांधीजींच्या मातीच्याच बापू कुटीत दहा मिनिटं बसून या. वायरिंगसाठी या भिंती खोदू नका, वरूनच पीव्हीसीची पट्टी मारा न अर्थिंग नवं करा. फाट्यांना पेचकस टोचून पहा, भुसभुशीत लागला तो बदला, खणखणीत सागवान राहू द्या, आता तसं घ्यायला गेलं तर भाव ऐकूनच घाम फुटते. अंधार वाटतो तिथं चार-पाच काचेचे कवेलू बसवा, भर दुपारी लाइट लावावा लागत नाही.

मॉडर्न म्हणून लोक पश्चिमेला मोठी काच लावतात. अरे, इथं पारा ४५-४६ वर जातो! पश्चिमेला भिंत न स्टोअर घ्या, खिडक्या उत्तर-दक्षिण. कूलरची खिडकी नकाशातच काढा, सावलीच्या बाजूनं, खाली लोखंडी स्टँड, शेजारी पाण्याचा नळ न समोरच्या भिंतीला हवा निघायला झरोका, नाही तर ओलसर हवा आतच फिरते न रात्री अंग चिकट. स्लॅबवर पांढरी चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइलच्या तुकड्यांची फरशी, टाका, पैसे नसतील तर दर उन्हाळ्यात चुन्याचा हात.

काम दिवाळीनंतर लावा न मृगाच्या आत छत झालं पाहिजे, पण मधात कापसाची वेचणी असते तेव्हा मजूर मिळत नाहीत, ते धरूनच चाला. स्लॅब फेब्रुवारीपर्यंत पडला तर उत्तम. मे मध्ये टाकला तर विहिरीला पाणी नाही न स्लॅबवर क्यारी करून दहा-बारा दिवस पाणी भरून ठेवायचं असते, ते कुठून आणता? आम्ही वरून ओले पोते टाकून निभावलं.

हे सगळं सुरू करायच्या आधी ग्रामपंचायतीतून नमुना ८, म्हणजे घराचा उतारा, काढा. आमच्याकडं आजोबाचंच नाव निघालं, मंग वारस लावा, आत्याची संमती आणा, त्यातच हिवाळा गेला. स्वामित्व योजनेत, म्हणजे २०२० पासून ड्रोननं गावठाणं मोजणं चालू आहे त्यात, तुमच्या गावचं प्रॉपर्टी कार्ड निघालं असंल तर तेही घ्या, बँक कर्जाला विचारते.

ठेकेदाराशी चौरस फुटाचा भाव ठरवताना खोदाई, सेंट्रिंग न पाणी मारणं त्यात आहे का ते कागदावर घ्या. रेती न गिट्टी आली की ट्रॉलीत टेप लावून मोजा, ब्रास म्हणजे शंभर घनफूट. न शेवटचा हप्ता हाती ठेवा, एक पावसाळा जुन्या-नव्याच्या सांध्यावरून जाऊ द्या, मंग द्या.