पुस्तकाची किंमत ठरवताना या चुका टाळा

स्वखर्चाने पहिलं पुस्तक काढणारा माणूस छापखान्यात आला की विचारतो, "तीनशे प्रतींचे किती आणि हजाराचे किती?" तीनशे छापल्या तर प्रत २१० रुपयांना पडते, हजार छापल्या तर १०५ ला. हे ऐकून आपण लुबाडले जातोय असं वाटतं. तसं नसतं.

१६० पानांचं डेमी आकाराचं (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) पुस्तक घ्या. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून १६ पानं छापतात, तो एक फर्मा, म्हणजे दहा फर्मे. प्रत्येकाच्या दोन बाजू, म्हणून २० प्लेट्स (ज्यांवरून छपाई होते ते धातूचे पत्रे), रंगीत मुखपृष्ठाच्या आणखी चार. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, चित्रकाराचं मानधन वेगळं. शिवाय प्लेट चढवल्यावर शाई नीट बसेपर्यंत निघालेले कागद सरळ रद्दीत जातात. शंभर प्रती काढा नाहीतर पाच हजार, एवढं करावंच लागतं. सोयीसाठी हा ठोक खर्च ४५,००० धरू आणि कागद, छपाई, बांधणीचे प्रतीमागे ६० रुपये. ४५,००० तीनशेत वाटले तर प्रतीवर १५० चढतात, हजारात वाटले तर फक्त ४५.

इथेच सगळ्यात महागडी चूक होते. १०५ चा आकडा बघून लोक हजार प्रती छापतात आणि खपतात चारशे. खर्च झाला १,०५,०००. तो चारशेत वाटला तर विकलेली प्रत २६२ रुपयांच्या वर गेली. उरलेल्या सहाशे प्रती गठ्ठ्यांत बांधून पलंगाखाली जातात आणि पावसाळ्यात त्यांना वाळवी लागते. असे गठ्ठे मी पाहिलेत. फार वाईट वाटतं. म्हणून खर्चाला भागायचं ते खपणाऱ्या प्रतींनी, छापलेल्या नव्हे. अभिप्रायासाठी आणि नातेवाइकांना भेट जाणाऱ्या प्रती तर आधीच वजा करा.

विक्रेत्याचा वाटा विसरणं ही दुसरी चूक. छापील किंमत २५० आणि विक्रेत्याला ४० टक्के, तर हातात १५० येतात. हजार छापून खर्च भरून यायला ७०० प्रती खपायला हव्यात. "जरा स्वस्त ठेवू, जास्त खपेल" म्हणून किंमत २०० केली की हातात १२० उरतात आणि तोच आकडा ८७५ वर जातो. पन्नास रुपये उतरवल्याने १७५ वाचक जास्त मिळतील का, हे स्वतःला खरेपणाने विचारा. आणि तीनशेच छापून २५० ला विकल्या तर सगळ्या खपूनही १८,००० चा खड्डा राहतो.

खप दोनशेच्या आतला वाटत असेल तर डिजिटल छपाईचा दर काढा. तिथे प्लेट्स लागत नाहीत. प्रतीचा दर ऑफसेटच्या, म्हणजे वरच्या प्लेट्सवाल्या छपाईच्या, ६० पेक्षा जास्त असतो आणि संख्या वाढवून फारसा उतरत नाही, पण पैसे गठ्ठ्यांत अडकत नाहीत.

पुनर्मुद्रणाला मात्र जुनाच हिशेब लावू नका. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठाचं चित्र यांचे पैसे पहिल्या आवृत्तीत फिटलेले असतात. प्लेट्स आणि मशीन लावण्याचे समजा १२,००० लागले, तर पाचशे प्रतींतही प्रत ८४ रुपयांत बसते. म्हणून पहिल्या वेळी मजकुराची फाइल छापखान्याकडून मागून घ्या, ती परत जुळवायचा खर्च वाचतो.