प्लेनर स्पीकर आणि स्वस्तातला अ‍ॅम्प: या चुका टाळा

माझ्या प्लेनर, म्हणजे पडद्यासारख्या सपाट स्पीकरवर डबलबारी भजनाचं रेकॉर्डिंग लावलं होतं. गजर रंगात आला, पखवाजाची थाप आणि झांज एकदम पडली आणि 'टक्'. रिसीव्हर (रेडिओ आणि अ‍ॅम्प एकाच खोक्यात असलेलं यंत्र) मुका. ओटीवरून काकांनी विचारलं, "रे, ह्यो दिवो तांबडो कित्याक झालो?"

मला सांगता येईना. ताण पेलेनासा झाला की यंत्र स्वतःला वाचवायला बंद होतं, त्याचा तो दिवा. रिसीव्हरच्या खोक्यावर तर 'प्रत्येक चॅनेल १०० वॉट' छापलेलं होतं.

पहिली चूक तीच, खोक्यावरचा आकडा खरा मानायची. तो बरेचदा एकच चॅनेल चालवून, ६ ओहमच्या लोडवर (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा; आकडा लहान तेवढा करंट जास्त), १ किलोहर्ट्झच्या एकाच सुरावर आणि आवाज चांगलाच फाटेपर्यंत ताणून काढलेला असतो. आपल्याला हवा तो आकडा वेगळा: दोन्ही चॅनेल एकत्र, २० ते २०,००० हर्ट्झ, ४ ओहम. कंपनीने ४ ओहमचा आकडा कुठेच दिला नसेल तर मी तो अ‍ॅम्प घेत नाही.

प्लेनरला एवढी मिजास कशाला? या स्पीकरमध्ये नेहमीचा कोन, म्हणजे हवा ढकलणारा शंकू, नसतो. पातळ फिल्मवर चिकटवलेली तार किंवा पट्टी चुंबकांसमोर हलते. मॅग्नेपॅन कंपनीचा धाकटा एलआरएस घ्या: ४ ओहम, सेन्सिटिव्हिटी (ठरलेल्या विजेवर एक मीटरवर किती आवाज) ८६ डीबी. वाचायला बरं वाटतं, पण मोजमाप २.८३ व्होल्टवर आहे आणि ४ ओहमवर तेवढे व्होल्ट म्हणजे २ वॉट. एका वॉटचा हिशोब धरला तर उरतात ८३. शेजाऱ्याकडचा ८ ओहमचा, ९० डीबीचा साधा स्पीकर जेवढा आवाज एका वॉटमध्ये देतो, त्याला इथे पाच वॉट लागतात. वर करंटही दांडगा लागतो. त्यामुळे ८ ओहमवर १०० आणि ४ ओहमवर दोनशेच्या आसपास देणारा अ‍ॅम्प भरवशाचा. ४ ओहमवर आकडा वाढायचा थांबला, तर पॉवर सप्लाय तिथेच दमला समजा.

रिसीव्हरच्या पाठीमागचं ४ ओहमचं बटण दाबून ताकद वाढेल असं मलाही वाटलं होतं. उलटं असतं. ते बटण बहुधा आतले व्होल्ट कमी करतं, म्हणजे यंत्र तापणार नाही. स्टिरिओ अ‍ॅम्प ब्रिज करायचा, म्हणजे दोन्ही चॅनेल जोडून एकच स्पीकर चालवायचा मोह तर साफ टाळा. ब्रिज केल्यावर अ‍ॅम्पच्या प्रत्येक बाजूला ४ ओहमचा स्पीकर २ ओहमचा दिसतो.

क्लास डीचे, म्हणजे कमी तापणाऱ्या स्विचिंग जातीचे छोटे अ‍ॅम्प-डबे स्वस्तात मिळतात आणि चांगलेही असतात. गोची असते अडॅप्टरमध्ये. टीपीए३२५५ चिपच्या नावावर तीनशे वॉट सांगतात आणि सोबत २४ व्होल्ट, ५ अँपियरचा अडॅप्टर देतात. गुणाकार करा: १२०. दोन्ही चॅनेल मिळून, तेही कागदावर. त्याच डब्याला ४८ व्होल्ट, १० अँपियरचा चांगला सप्लाय दिला की तोच डबा वेगळा वागतो. बजेट तिथे खर्च करा.

दुसरी वाट साउंडवाल्यांची. क्राउन कंपनीचा एक्सएलएस १५०२ हा अ‍ॅम्प ४ ओहमवर चॅनेलला ५२५ वॉट देतो. असे अ‍ॅम्प जुन्यात मिळतात, पण पंख्याचा आवाज आधी शांत खोलीत ऐका आणि जाळी उघडून आत बघा. आमच्याकडे एकात वाळलेली पाल निघाली होती.

ही सगळी गोष्ट चुंबकवाल्या प्लेनरची. भिंतीतल्या प्लगला जोडावे लागणारे इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे १९५७चा क्वाड वगैरे, वेगळ्या जातीचे. त्या जुन्या क्वाडला मोठा अ‍ॅम्प लावलात तर आत ठिणगी पडून पॅनेल जाईल.

आता आपल्या किनाऱ्याचं. आमच्याकडे संध्याकाळी पंप सुरू झाले की मीटरवर १९० व्होल्ट दिसतात. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्पची ताकद व्होल्टच्या वर्गाने घटते, म्हणजे १०० वॉटचे ६८ होतात. तांबडा दिवा रात्रीच का लागायचा, ते मला मीटर लावल्यावर कळलं. रुंद इनपुटचा एसएमपीएस (कमी-जास्त व्होल्ट सांभाळून घेणारा स्विचिंग सप्लाय) असेल तर हा त्रास जवळपास नाही; नाहीतर पुरेशा क्षमतेचा स्टॅबिलायझर लावा. वळवाचे ढग दिसले की प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

खरखर आली की लगेच अ‍ॅम्पला दोष देऊ नका. आधी तारेचं टोक बघा. खारी हवा तांब्यावर हिरवा कळंक चढवते. टोक कापून नवं सोला, टर्मिनल पुसा. एका बाजूची झांज अचानक मंद झाली तर, स्पीकरला फ्यूज असल्यास तो तपासा, आणि बदलताना त्याच अँपियरचा घाला. ठरावीक सुरावरच झणझण येत असेल तर डाव्या-उजव्या तारा अदलाबदल करा. आवाज त्याच स्पीकरमध्ये राहिला तर बहुधा फिल्मवरची तार सुटली आहे, अ‍ॅम्पचा दोष नाही. जुन्या पॅनेलमध्ये डिंक सुटतो.

खर्ज कमी वाटला तर पाकीट काढण्याआधी स्पीकर हलवा. प्लेनर मागेही तेवढाच वाजतो. माझे जांभ्याच्या भिंतीला चिकटून होते. माजघरात तीन फूट पुढे आणले आणि पखवाजाचा धुमा पहिल्यांदा ऐकू आला. वाटेत आता झोपाळा आडवा येतो, त्यावरून घरात अजून वाद आहे.